म्हातारा कुत्रा महिनोन्‌महिने जुलाब-उलट्या करतोय? ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याआधी हे वाचा

घरातला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झालाय. पूर्वी गाडीचा आवाज आला की गल्लीच्या तोंडापर्यंत धावत जायचा, आता खाटेखालूनच शेपटी हलवतो. त्यात गेल्या दोन-तीन महिन्यांपासून त्याचं पोट ठिकाणावर नाही. आठवड्यातून दोनदा पातळ शी, मधूनच सकाळी पिवळी उलटी, आणि अंगही उतरत चाललंय. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘वय झालं त्याचं, आता असंच चालायचं.’

आणि विषय तिथंच संपतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी घ्या, नाहीतर महाराष्ट्रातलं दुसरं कुठलंही गाव घ्या, हे वाक्य सगळीकडं ऐकू येतं. पण पशुवैद्यकशास्त्राचं म्हणणं वेगळं आहे. म्हातारपण हा आजार नाही. वय वाढलं की आजार जडण्याची शक्यता वाढते, पण पोट सतत बिघडत असेल तर त्यामागं काहीतरी कारण असतंच. बऱ्याचदा ते कारण सापडतं आणि आटोक्यातही ठेवता येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे कारण शोधायला पहिल्याच दिवशी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागत नाही. शहरातला तज्ज्ञ डॉक्टरही ज्या पायऱ्यांपासून सुरुवात करतो, त्यातल्या पहिल्या तीन पायऱ्या गावात राहून करता येतात. एक वही, एक शी तपासणी आणि दोन आठवडे पाळलेली ताटली.

आजार ‘जुना’ कधी म्हणायचा?

मोठ्या अंगाचे कुत्रे साधारण सातव्या-आठव्या वर्षापासून म्हातारे धरले जातात. लहान अंगाचे दहाव्या वर्षाच्या आसपास. गावठी कुत्रा या दोघांच्या मधे कुठंतरी येतो.

पोटाच्या आजारासाठी डॉक्टर एक सोपी रेषा आखतात, ती म्हणजे तीन आठवड्यांची. कचऱ्यातलं काहीतरी खाल्लं, दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले, तर तो तात्पुरता बिघाड. पण उलट्या, जुलाब, भूक मंदावणं किंवा वजन घटणं हे तीन आठवड्यांहून जास्त चाललं, किंवा थांबून थांबून परत सुरू होत राहिलं, तर तो जुना आजार. अशा वेळी ‘आणखी दोन दिवस बघू’ म्हणत राहण्यात कुत्र्याचं वजन आणि ताकद दोन्ही जातं.

पहिली पायरी : वही

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘काय होतंय?’ बहुतेक जण सांगतात, ‘पोट बिघडलंय.’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी निदान आठवडाभर चार गोष्टी लिहून ठेवायच्या.

पहिली, उलटी की नुसतं बाहेर येणं? उलटीच्या आधी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, पोट आत-बाहेर खेचतो आणि मग ओकतो. पण काही कुत्रे खाल्लं की मान खाली घालतात आणि न पचलेलं अन्न जसंच्या तसं बाहेर पडतं, पोटाला जोर लावावा लागत नाही. पहिल्यात बिघाड पोटाचा, आतड्याचा किंवा मूत्रपिंड-यकृताचा असू शकतो. दुसऱ्यात तो बहुधा अन्ननलिकेचा असतो. दिसायला दोन्ही सारखंच, पण तपासणी पूर्ण वेगळी.

दुसरी, शी कशी आहे? एका वेळी भरपूर पातळ शी होते, दिवसातून दोन-चारदाच जातो, पण वजन घटतंय, तर बिघाड लहान आतड्यात असण्याची शक्यता जास्त. थोडी थोडी शी, दिवसातून सात-आठ वेळा, जोर लावावा लागतो, वर शेंबडासारखा चिकट थर आणि कधी ताजं लाल रक्त, तर बिघाड मोठ्या आतड्यात असू शकतो. शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर वरच्या बाजूला कुठंतरी रक्तस्राव होत असू शकतो. अशा वेळी वही भरत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

तिसरी, वजन. घरी वजनकाटा असेल तर आधी एकट्यानं उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि फरक लिहायचा. मोठा कुत्रा उचलता येत नसेल तर धान्याच्या दुकानातला मोठा काटा आहेच. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करायचं. वीस किलोचा कुत्रा अठरावर आला, तर दिसायला फारसा फरक पडत नाही, पण त्याचं दहा टक्के वजन गेलेलं असतं. डॉक्टर अशी घट गंभीर मानतात.

चौथी, त्यानं काय खाल्लं? फक्त घरच्या ताटलीतलं नाही. शेजारच्या काकूंनी टाकलेली पोळी, मुलांनी दिलेलं बिस्कीट, लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं, वावरात सापडलेलं मेलेलं काहीतरी, हे सगळं लिहायचं. पाणी किती पितो तेही लिहायचं.

मोबाईलवर शीचा फोटो आणि उलटीचा व्हिडिओ काढून ठेवला तर आणखी चांगलं. बघायला किळसवाणं वाटेल, पण डॉक्टरसाठी दहा वाक्यांपेक्षा तो उपयोगी असतो.

वय नाही, तर मग काय?

म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट सतत बिघडण्यामागं नेहमी दिसणारी कारणं अशी आहेत.

जंत. हे पिल्लांचंच दुखणं आहे असा समज आहे, पण मोकळ्या फिरणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही अंकुशकृमी, चाबूककृमी आणि जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी होतात. अंकुशकृमी रक्त शोषतात, त्यामुळं हिरड्या पांढुरक्या पडतात.

दात. किडलेले, हलणारे दात आणि सुजलेल्या हिरड्या असतील तर कुत्रा न चावता गिळतो किंवा जेवणच टाळतो. ‘भूक लागत नाही’ असं वाटतं, खरं दुखणं तोंडात असतं.

अन्न न मानवणं. वर्षानुवर्षं खाल्लेल्या एखाद्या पदार्थालाही आतडं पुढं विरोध करू लागतं. याबद्दल पुढं सविस्तर येईल.

मूत्रपिंड आणि यकृत. कुत्रा पाणी जास्त पितोय, लघवी जास्त करतोय, तोंडाला वास येतोय आणि अधूनमधून ओकतोय, तर दोष पोटाचा नसून मूत्रपिंडाचा असू शकतो. उलटीची गोळी देऊन हा आजार झाकला जातो, बरा होत नाही.

स्वादुपिंड. चरबीचं मटण, तळलेलं किंवा तुपातलं खाल्ल्यावर उलट्या आणि पोटदुखी होत असेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. याच अवयवाचा दुसरा आजार म्हणजे पाचकरस कमी पडणं. त्यात कुत्रा अधाशासारखा खातो, तरी वाळत जातो आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होते. जर्मन शेफर्ड जातीत हा जास्त दिसतो. निदान झालं तर रोजच्या जेवणात पाचक पावडर मिसळून कुत्रा सुधारू शकतो.

गोचीड ताप. गोचिडांमधून पसरणारा एर्लिकियासारखा आजार महिनोन्‌महिने दबून राहतो. वजन घटतं, भूक जाते, कधी नाकातून किंवा शीतून रक्त येतं.

आतड्याची जुनी सूज आणि गाठी. वय वाढलं की कर्करोगाची शक्यताही वाढते, हे खरं आहे. पण यादीत तो शेवटी आहे, कारण त्याआधीची कारणं तपासायला सोपी असतात आणि त्यातली बरीच उपचारांना दाद देतात.

आणि एक कारण, जे अनेकदा बद्धकोष्ठ समजलं जातं. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नर कुत्र्याची प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि शीच्या वाटेवर दाब देते. कुत्रा जोर लावत बसतो, शी चपटी किंवा थोडीशीच होते. जुलाबाचं औषध देऊन इथं काही उपयोग होत नाही.

दुसरी पायरी : ढोराचा दवाखाना

गावात ‘ढोराचा दवाखाना’ म्हणतात, पण तो कुत्र्यांसाठीही असतो. एक फरक मात्र माहीत हवा. महाराष्ट्रात श्रेणी १ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक. श्रेणी २ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक असतीलच असं नाही. जंताचं औषध, लस, प्रथमोपचार तिथं होतात, पण जुन्या आजाराच्या निदानासाठी पदवीधर डॉक्टरांनाच दाखवावं. आपल्या जवळचा दवाखाना कोणत्या श्रेणीचा आहे, हे एकदा विचारून घ्यायचं. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे. ती मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभी राहिली, त्यामुळं कुत्र्यासाठी मदत मिळेल का हे फोनवरच विचारलेलं बरं.

डॉक्टरांकडं वही घेऊन जायचं आणि त्याच दिवशीच्या ताज्या शीचा नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत न्यायचा. शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी तपासणी आहे. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणजे जंत नाहीतच असं होत नाही, कारण अंडी रोज बाहेर पडत नाहीत. म्हणून अनेक डॉक्टर नमुना स्वच्छ आला तरी फेनबेन्डाझोलसारखं औषध वजनाप्रमाणं सलग तीन ते पाच दिवस देतात.

त्यासोबत रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन, पेशी, क्रिएटिनिन, यकृताची मूल्यं, प्रथिनं आणि साखर. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खूप घटलं असेल तर आतड्यातून प्रथिनं गळत असू शकतात, आणि मग थांबायला वेळ नसतो. जमत असेल तर बी १२ जीवनसत्त्वही तपासावं. आतडं आजारी असलं की ते शोषलं जात नाही, आणि ते कमी असेल तर बाकी उपचारांचाही गुण कमी येतो. बी १२ इंजेक्शनानं किंवा गोळीनं भरून काढता येतं.

तिसरी पायरी : दोन आठवड्यांची ताटली

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. जंत निघाले, मूत्रपिंड-यकृत ठीक निघालं, तरी जुलाब चालूच आहेत. मग पुढं काय?

इथं बरेच जण अँटिबायोटिकची मागणी करतात. मेट्रोनिडाझोल दिलं की दोन दिवसांत शी घट्ट होते, औषध थांबलं की परत पातळ. पूर्वी हा उपाय सर्रास व्हायचा. आता पशुवैद्यक तो टाळू लागलेत, कारण या औषधानं आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि ते पूर्ववत व्हायला बरेच दिवस जातात.

त्याऐवजी आधी करायचा तो आहाराचा प्रयोग. जुनाट आतड्याच्या आजाराच्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त कुत्रे फक्त अन्न बदलल्यानं सुधारतात. गुण यायचा असेल तर बहुतेकदा दोन आठवड्यांत दिसू लागतो.

प्रयोगाचा नियम एकच. एक प्रथिन, एक पिष्ट, बाकी काही नाही. प्रथिन असं निवडायचं, जे त्यानं आजवर फारसं खाल्लेलं नाही. आयुष्यभर कोंबडीचं उरलंसुरलं खाणाऱ्या कुत्र्याला परत कोंबडीच दिली तर काहीच कळणार नाही. त्याला काटे काढलेला उकडलेला मासा किंवा उकडलेलं अंडं देता येईल. सोबत मऊ शिजवलेला भात किंवा उकडलेला बटाटा. मीठ, तिखट, हळद, तेल, फोडणी काहीही नाही. कांदा आणि लसूण तर नाहीच, कारण त्यांच्यामुळं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. बाजारात या कामासाठी खास तयार केलेलं खाणंही मिळतं. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर त्यांना विरोध करत नाही. ते महाग असतं, पण डॉक्टरांनी सुचवलं तर दोन-तीन आठवड्यांपुरतं आणता येतं.

नवीन अन्न एकदम सुरू करायचं नाही. आठवडाभरात हळूहळू बदलायचं. सुरुवातीला पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण, मग पूर्ण. पूर्ण नवीन अन्न सुरू झालं, की तिथून दोन आठवडे मोजायचे.

गावातली खरी अडचण वेगळीच असते. मोकळा कुत्रा. घरी अंडं-भात खातो आणि दुपारी चौकातल्या हॉटेलसमोर भजी. म्हणजे प्रयोग फसला. एवढ्या दिवसांपुरतं त्याला दोरीनं किंवा अंगणात बांधून ठेवायचं, फिरायला नेताना सोबत जायचं आणि शेजारपाजारच्या चार घरांत सांगून ठेवायचं. लहान मुलांना तर दोनदा सांगायचं. एखादं बिस्कीटसुद्धा चालत नाही, कारण एकाच बिस्किटामुळं पंधरा दिवसांची मेहनत वाया जाऊ शकते.

शी घट्ट झाली, वजन टिकलं, तर कारण सापडलं. मग एकेक पदार्थ परत सुरू करायचा, एका वेळी एकच आणि प्रत्येकाला चार-पाच दिवस द्यायचे. भाकर दिली, ठीक आहे. दूध दिलं, परत बिघडलं. वहीत लिहायचं, दूध बंद.

मग कायम हेच खायला घालायचं का?

नाही. अंडं-भात हा प्रयोग आहे, आयुष्यभराचं जेवण नाही. नुसत्या भात-मांसात कॅल्शियम, जस्त, काही जीवनसत्त्वं कमी पडतात. अमेरिकेत २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या गेल्या, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक पोषकघटक कमी निघाला. म्हणून कायमचं घरचं जेवण द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून खनिजं-जीवनसत्त्वांची पावडर ठरवून घ्यावी, नाहीतर मानवलेलं प्रथिन असलेलं तयार खाणं शोधावं.

भाकरीचं काय? इथं एक चांगली बातमी आहे. २०१३ मध्येच ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक संशोधन छापून आलं. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात बऱ्याच जास्त असतात, असं त्यात दिसलं. माणसासोबत राहून, माणसाचं उरलेलं खाऊन कुत्रा तसा घडत गेला. म्हणजे ज्वारीची भाकर कुत्र्याला पचते. अडचण भाकरीची नसते, फक्त भाकरीवर ठेवण्याची असते. म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू आधीच झडत असतात, त्याला प्रथिन हवंच. डॉक्टरांनी मूत्रपिंडासाठी कमी करायला सांगितलं असेल तरच ते कमी करायचं.

दूध मात्र बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना सोसत नाही, कारण दुधातली साखर पचवण्याची क्षमता वयात आल्यावर घटते. आणि शिजवलेली हाडं पूर्ण बंद. ती अणकुचीदार तुटतात, आतड्याला इजा करतात, आणि हाडांचा चुरा साचून शी दगडासारखी होते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बद्धकोष्ठामागं हे एक नेहमीचं कारण आहे.

रोजच्या जगण्यात काय बदलायचं?

दोन वेळा पोटभर देण्याऐवजी तेच अन्न तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायचं. पहाटे रिकाम्या पोटी पिवळं पित्त ओकणाऱ्या काही कुत्र्यांना रात्री झोपण्याआधी एक छोटा घास दिला तरी फरक पडतो.

दात दुखत असतील तर अन्न कालवून मऊ करायचं. फ्रिजमधलं थंडगार देण्याऐवजी कोमट द्यायचं, वास आला की भूक चाळवते.

पाणी. विदर्भाचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. जुलाब होणारा म्हातारा कुत्रा अशा दिवसांत फार लवकर कोरडा पडतो. सावलीत दोन ठिकाणी पाणी ठेवायचं, कारण गुडघे दुखणारा कुत्रा पाण्यासाठी लांब उठून जात नाही. हिरडीला बोट लावून बघायचं. ती ओलसर आणि गुळगुळीत हवी. कोरडी, चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

मोठ्या आतड्याचा त्रास किंवा बद्धकोष्ठ असेल तर उकडलेला लाल भोपळा किंवा भिजवलेलं इसबगोल उपयोगी पडतं. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं आणि सोबत पाणी भरपूर हवं.

हे मात्र करायचं नाही

मेडिकलवरून माणसाची गोळी आणायची नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉल चुकीच्या मात्रेत यकृताला घातक ठरतं. म्हातारा कुत्रा लंगडतोय म्हणून अशी गोळी दिली गेली आणि नंतर काळी शी सुरू झाली, तर डॉक्टरांना ते लपवू नये.

ढोरांचं औषध अंदाजानं द्यायचं नाही. आयव्हरमेक्टिनची बैलाची मात्रा कुत्र्याला जीवघेणी ठरू शकते.

माणसांसाठीचा एनिमा घरी लावायचा नाही. त्यातल्या फॉस्फेटमुळं, विशेषतः लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणि एक सूचना, जी माणसाच्या जिवाची आहे. कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळतेय, आवाज बदललाय, वागणं बदललंय, तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालायचा नाही. रेबीजची लक्षणंही अशीच असतात. आधी डॉक्टरांना कळवायचं. लाळ जखमेला लागली किंवा चावा बसला, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्यायची.

कधी अजिबात थांबायचं नाही?

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात प्रत्येक उलटी जुन्या आजाराची नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तीच औषधं कुत्र्याच्याही पोटात जातात. फवारणीच्या डबक्यातलं पाणी, औषध लावलेलं बियाणं, उंदरांसाठी ठेवलेलं विष. अचानक खूप लाळ, उलट्या-जुलाब, अंग थरथरणं, बारीक झालेल्या बाहुल्या अशी लक्षणं दिसली तर विषबाधा समजायची आणि औषधाच्या डब्यावरचं नाव किंवा फोटो घेऊन पळायचं. ‘त्याचं पोट नेहमीच बिघडतं’ या समजुतीत इथं जीव जाऊ शकतो.

पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काही बाहेर येत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. इथं काही तासांचाच खेळ असतो.

नसबंदी न झालेली म्हातारी कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ओकू लागली, पाणी जास्त पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही.

त्याशिवाय काळी किंवा रक्ताळलेली शी, पाणीही पोटात न टिकणं, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, उभं राहता न येणं यापैकी काहीही दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना.

मोठ्या दवाखान्यात कधी जायचं?

तिन्ही पायऱ्या करूनही सुधारणा नाही, वजन घटतंच आहे किंवा अल्ब्युमिन कमी आलंय, तर सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या लागतात. राज्यात परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, नागपूरचं १९५८ पासून, परभणीचं १९७२ पासून. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. फुलसावंगीसारख्या गावातून परभणी किंवा नागपूर गाठायचं म्हणजे पूर्ण दिवस आणि गाडीभाडं. म्हणूनच ती वही, शीचा अहवाल, रक्ताचा कागद आणि आहाराच्या प्रयोगाचा निकाल सोबत हवा. नाहीतर तिथंही पहिल्या फेरीत हेच करायला सांगून परत पाठवतात.

तिथं एंडोस्कोपीनं आतड्याचा तुकडा तपासतात. जुनी सूज निघाली तर प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉइडसारखी औषधं सुरू होतात. ही औषधं तपासणी न करता गावातच सुरू केली तर लपलेला संसर्ग भडकू शकतो, आणि गाठ असेल तर निदान अवघड होतं. म्हणून त्यांचा क्रम शेवटी आहे.

आणि काहीच उपाय उरला नाही तर?

काही कुत्र्यांचा आजार आटोक्यात येत नाही, हेही खरं आहे. तेव्हा ती वही दुसऱ्या कामाला येते. रोज संध्याकाळी एकच खूण करायची, आजचा दिवस बरा की वाईट. स्वतःहून खाल्लं का, उठून बसला का, घरचं माणूस आल्यावर शेपटी हलवली का, स्वतःच्या घाणीत पडून राहिला का. वाईट दिवस बऱ्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले, की डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोलायची वेळ आली. ते फक्त पशुवैद्यकानंच, औषधानं, वेदना न होता करायचं असतं. कुठंतरी लांब नेऊन सोडणं हा त्यावरचा पर्याय नाही.

पण तिथवर पोहोचण्याआधी बऱ्याच कुत्र्यांसाठी वाट शिल्लक असते. कुणाचे जंत निघतात, कुणाचं दूध बंद होतं, कुणाला बी १२ मिळतं, आणि तीन महिने खाटेखाली पडलेला कुत्रा परत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जातो. धावत नसेल कदाचित, वय झालंय त्याचं. पण ‘वय झालं’ हे वाक्य या सगळ्या तपासण्यांनंतर म्हणायचं असतं, त्यांच्याऐवजी नाही.